पडद्यामागच्या मामास

प्रिय शरदमामा,

तू फोन उचलत नाहीस, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर काहीही लिहिलं तरी नुसता अंगठा पाठवतोस. म्हणून पत्र. याला तरी अंगठ्यापेक्षा जास्त काहीतरी लिहावं लागेल तुला.

आमचं शनिवारचं टेबल तुला माहीत आहे. मंजूताईने सांगितलंच असेल, तिच्या पोटात काही राहत नाही. हो, आपल्या त्याच न बोलणाऱ्या मंजूताईच्या! चार जणं येतात आणि चौघांना चार वेगळे खेळ खेळायचे असतात. ओंकार माझ्या ऑफिसातला. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'ची 2014ची आवृत्ती त्याला पाठ आहे. त्याच्या योद्ध्याकडे 'ग्रेट वेपन मास्टर' आहे, म्हणजे वार लागतो का ते बघायच्या फाशातून पाच वजा करायचे आणि लागलाच तर इजेत दहा मिळवायचे. कुठल्या चिलखतापुढे हा सौदा परवडतो याचा त्याने एक्सेलमध्ये तक्ता केला आहे. सईला तो तक्ता दाखवला की ती खिडकीतून बाहेर बघते. तिला माणसं हवी असतात. पन्नास फूट दोर एका सोन्याच्या नाण्याला मिळतो, पुस्तकात किंमत छापलेली आहे, पण सई त्या दुकानदाराशी इतका वेळ घासाघीस करते की शेवटी त्याच्या मोडलेल्या लग्नाची गोष्ट मला जागच्या जागी रचावी लागते. नील माझाच लेक. भिंतीत खटका दिसला की तो ओढायचाच असतो. आणि ओंकारची बायको वृषाली. ती बसते, चहा घेते, पाळी आली की फासा टाकते, आणि निघताना "मस्त झालं हं आज" म्हणते. काय मस्त झालं, ते विचारलं तर सांगता येत नाही तिला.

सुरुवातीला मला वाटायचं, हे तर आमच्या लहानपणीचं वाईचंच माळ्यावरचं टेबल परत भरलंय. मिलिंददादा, विद्या, पप्या आणि मंजूताई. नुसती नावं बदलली. आता तसं वाटत नाही. का, ते सांगते.

तुला तो लाल खोका आठवतो ना? तू मिनियापोलिसहून आणलेला, 1983चा, लॅरी एल्मोरने काढलेला लाल ड्रॅगन वर असलेला. आत दोन पुस्तकं, सहा फासे आणि एक मेणखडू. फाशांवरचे आकडे नुसते कोरलेले होते, त्यांत रंग नव्हता. खडू घासायचा, वरचं जादा मेण नखाने काढायचं, मग आकडा दिसायला लागायचा. ते काम तू मंजूताईला दिलंस. का दिलंस, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मला वाटलं ती मोठी म्हणून. आम्ही तिघं-चौघं तुझ्या अंगावर चढून "मी योद्धा, मी योद्धा" करत होतो आणि ती कोपऱ्यात वीस तोंडांच्या फाशाचं एकेक तोंड भरत होती. खेळ सुरू व्हायच्या आधीच तिला टेबलावर जागा झालेली होती.

पुढेही तू तिला कधी "बोल गं, बोल" केलं नाहीस. त्या वेळच्या नियमांत एकाने नकाशा काढायचा असायचा. तू तिच्यापुढे चौकटीची वही सरकवलीस. "साठ फूट उत्तरेला, मग डावीकडे दार." ती रेघ ओढायची. आम्ही भांडत असू, पप्या कुठल्यातरी पेटीवर कुऱ्हाड घालत असे, आणि तू अधूनमधून फक्त तिला विचारायचास, "मंजू, आपण कुठे आहोत?" सगळे गप्प. कारण ते फक्त तिलाच माहीत असायचं. मामा, गेली काही वर्षं मी या विषयावर मिळेल ते वाचते आहे, आणि न बोलणाऱ्या खेळाडूचं काय करावं यावर याहून चांगला तोडगा मला कुठे सापडलेला नाही.

वाचलंय म्हणजे किती वाचलंय! तू हसशील. ग्लेन ब्लॅको नावाच्या माणसाने 1980 साली 'डिफरंट वर्ल्ड्स' मासिकात खेळाडूंचे आणि खेळांचे चार प्रकार सांगितले होते: ताकद गोळा करणारे, भूमिकेत शिरणारे, युद्धाचे डावपेच लढवणारे, गोष्ट घडवणारे. तू तेव्हा अजून अमेरिकेत पोचलाही नव्हतास. 2002मध्ये रॉबिन लॉज या लेखकाने एक बारीकसं पुस्तक लिहिलं, त्यात हे प्रकार सात झाले. 2008च्या डन्जन मास्टरच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डीएमच्या पुस्तकात ते आठ झाले आणि त्यात चक्क एक 'बघ्या'ही आला: जो नुसता मित्रांबरोबर बसायला येतो. वृषाली दिसली मला तिथे. लॉजचं म्हणणं मला पटतं की असा माणूस टेबलाला हवाच, आणि त्याला ओढून मध्यभागी आणू नये. सगळ्यांनाच बॅटिंग हवी असेल तर फिल्डिंग कोण करणार?

पण याद्या वाचून झाल्यावर मी तुझा लाल खोका परत उघडला. तो माझ्याकडे आहे, हे तुला ठाऊक आहे. आणि त्यातले नियम मोठेपणी पहिल्यांदा नीट वाचले. मामा, एक गॉब्लिन मारला तर अनुभवाचे पाच गुण. एक सोन्याचं नाणं बाहेर आणलं तर एक गुण. म्हणजे शंभर नाण्यांची थैली गुपचूप पळवली की वीस गॉब्लिन मारल्याचं पुण्य! आणि आपण सगळ्यांनी मिलिंददादाला 'मारवाडी' म्हणून चिडवून रडवलं होतं, कारण तो लढाई टाळायचा आणि नाणी मोजायचा. तो एकटा नियम वाचून खेळत होता. हावरटपणा त्याचा नव्हता, पुस्तकाचा होता. विद्याचं तसंच. ती भुताखेतांशीसुद्धा गप्पा मारते म्हणून तू तिचं केवढं कौतुक करायचास. पण ती जादूगार, आणि पहिल्या पातळीच्या जादूगाराला दिवसाला एकच मंत्र! तो टाकून झाला की ती बिचारी करणार काय? बोलणार. आणि समोरचा राक्षस दिसताक्षणी अंगावर येतो का, हे दोन फाशांवर ठरवायचं असा नियमच होता. वरचा आकडा आला की तो ऐकून घ्यायचा. (तिच्या वेळी वरचेच आकडे जास्त कसे यायचे, हे मी विचारत नाही. फासे झाकणारा पडदा तुझ्या बाजूला होता.)

म्हणून म्हणते, ही नुसती माणसांची यादी नव्हे. नियम ज्याचे पैसे देतात ते लोक करतात. तू एका सुट्टीत 'कॉल ऑफ कथुल्हू' काढलास, तेव्हा काय झालं आठवतं? बंदुका होत्या, पण राक्षसापुढे उपयोग शून्य, आणि नुसतं त्याच्याकडे बघितलं तरी डोकं फिरायचं. तिथे हाच पप्या, आपला कुऱ्हाडवाला पप्या, दाराला कान लावून उभा राहिला आणि म्हणाला, "आत नको जाऊया." माणूस तोच. माझ्या टेबलावर कुणी एकसुरी खेळायला लागलं की मी आधी त्या माणसाकडे नाही, मी कशाला बक्षीस देते आहे त्याकडे बघते. ओंकारला मी एकदा लढाईऐवजी वेढा दिला. किल्ल्यात धान्य किती, माणसं किती, पाऊस कधी. तो तक्ते करत बसला आणि सईने त्या तक्त्यातल्या एका घोड्याला नाव ठेवलं. दोघं पहिल्यांदा एकमेकांशी खेळले.

पप्याबद्दल मात्र माझा तुझ्यावर राग आहे. अजून आहे.

तुला आठवत नसेल, मला आठवतं. विद्या त्या म्हाताऱ्या राणीशी बोलत होती, तू तुझा तो घोगरा आवाज लावला होतास, आणि पप्या कंटाळला होता. कंटाळला की तो काय करतो, ते तुला पक्कं माहीत होतं. त्याने राणीच्या सिंहासनामागचा पडदा पेटवला. तू काहीच बोलला नाहीस. फासा टाकलास, पडद्याआड बघितलंस आणि म्हणालास, "वरून झुंबर पडतं. मेलास." आम्ही सगळे हसलो. पप्या खाली अंगणात गेला तो जेवायच्या वेळेपर्यंत आला नाही.

त्याला टेबलाबाहेर बोलवून "अरे, विद्याचं होऊ दे, मग तुझी लढाई आहे" एवढं सांगायला काय हरकत होती? माणसाशी जे बोलायचं ते त्याच्या कॅरेक्टरच्या डोक्यावर झुंबर पाडून बोलायचं, ही तुझी जुनी खोड. आणि मला विचारशील तर त्या दिवशी पप्याचं चुकलंच नव्हतं. बराच वेळ त्याच्या हातात काही नव्हतं. त्याने स्वतःच्या हाताने काहीतरी घडवून आणलं. 2008च्या त्या यादीत अशा माणसाला वेगळी जागा आहे, काड्या घालणारा. मी तर म्हणते असा एक तरी हवा, नाहीतर चार शहाणी माणसं एका दारापुढे तासभर चर्चा करतात आणि दार काही उघडत नाही.

काड्या घालणं वेगळं आणि दुसऱ्याचा खेळ नासवणं वेगळं, हेही तूच शिकवलंस म्हणा. पप्याच्या चोराने विद्याची अंगठी चोरली आणि वर "मी काय करू, माझा चोर असाच आहे" म्हणाला, तेव्हा तू काय म्हणालास? "चोर तू बनवलास ना? मग मित्रांची चोरी न करणारा बनव." संपला विषय. हे वाक्य मी जसंच्या तसं एका पाहुण्या खेळाडूला ऐकवलं आहे. तो परत आला नाही. चालतं. प्रत्येकाची तऱ्हा सांभाळायची म्हणजे प्रत्येकाला सांभाळायचं असं नाही.

आता आम्ही हे सगळं आधीच बोलून घेतो. 'सेशन झीरो' म्हणतात. कुणाला काय हवं, कुणाला काय अजिबात नको. टेबलावर फुली काढलेलं एक कार्डही असतं. जॉन स्टॅव्हरोपोलस नावाच्या माणसाची ही कल्पना. एखादी गोष्ट असह्य झाली तर कारण न सांगता कार्डाला हात लावायचा, आणि ती गोष्ट कथेतून वगळायची. तू म्हणशील, काय ही थेरं! वृषालीने एकदा लावला हात. कशाला ते मी विचारलं नाही आणि तुलाही सांगणार नाही. पण त्यानंतरचे दोन शनिवार ती आधीच येऊन बसलेली होती.

मागच्या महिन्यातलं एक सांगते, मग मुद्द्यावर येते. दरी, त्यावर झुलता पूल, पुलाच्या तोंडाशी टोल मागणारा एक ऑगर राक्षस. मी हा प्रसंग चौघांना डोळ्यांपुढे ठेवून रचला होता, तुझ्या पद्धतीने. सई पुढे झाली, ऑगरला विचारलं, "टोल कुणासाठी गोळा करतोस?" त्याला बोलायला माणूसच हवा होता. ओंकारला मी म्हटलं, फळ्या जुन्या आहेत, एका वेळी फार वजन घेणार नाहीत. लगेच त्याने सगळ्यांची चिलखतं, सामान, ऑगर यांची बेरीज मांडली. नीलला मी फक्त गाठ दाखवली, पूल खांबाला बांधलेली. त्याच्या डोळ्यांत जे चमकलं ते तू ओळखलं असतंस. त्याने सुरी काढलीसुद्धा. मग मी वृषालीला म्हटलं, "तुझी नजर तीक्ष्ण आहे. खाली दरीत काय आहे, सांगू?" ती म्हणाली, "सांग." म्हटलं, धूर दिसतोय, दोन-तीन झोपड्या आहेत, दोरीवर कपडे वाळतायत. तिने कप खाली ठेवला. नीलकडे बघून म्हणाली, "कापू नकोस. खाली ह्याचं घर आहे."

हे मी लिहिलेलं नव्हतं, मामा. माझ्या वहीत खाली नुसती वस्ती होती, कुणाची ते ठरलेलं नव्हतं. तिने ठरवलं. सईचा प्रश्न, नीलची सुरी, ओंकारचं वजन, सगळं तिथे येऊन लागलं. मी गप्प बसले, आणि त्या ऑगरला चार पोरं दिली.

आणि तिथेच मला तुझा राग आला, आणि माया पण. कारण तू असं होऊ दिलं नसतंस. तुझ्या पडद्यामागे गोष्ट आधीच पुरी झालेली असायची. आम्हाला वाटायचं आम्ही वाट काढतोय. मिलिंददादाचं, विद्याचं, मंजूताईचं, प्रत्येकाचं काय काय आवडतं ते तुला अचूक कळायचं. पण एका खेळाडूचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं: तुझं. बहुतेक पुस्तकांत डीएम जणू काही आवडनिवड नसलेला न्यायाधीश असतो. तसं कुठे असतं? तू गोष्टवाला होतास. राणीचा प्रसंग विद्यासाठी नव्हता, तुला तो आवाज लावायचा होता. पप्याने तुझी गोष्ट पेटवली, म्हणून झुंबर. विद्या तुला गोष्ट सांगू द्यायची, म्हणून ती लाडकी. मी हे एवढ्या ठामपणे म्हणते कारण मी पडद्याच्या कडेला बसून तुझ्याकडेच बघत असायचे. मला खरं तर योद्धा-बिद्धा काही नको होतं. मला त्या बाजूला यायचं होतं. आणि दरवेळी तू "आधी खेळायला शीक" म्हणायचास.

तू ज्या शहरात शिकलास तिथलीच एक गोष्ट आहे, तुला माहीत असणार, पण आम्हाला कधी सांगितली नाहीस. मिनियापोलिस आणि सेंट पॉलच्या युद्धखेळ खेळणाऱ्या मंडळींत डेव्हिड वेस्ली नावाचा एकजण होता. 1969मध्ये त्याने नेपोलियनच्या काळातल्या ब्राउनश्टाइन या काल्पनिक गावाचा खेळ मांडला. खरं तर लढाई व्हायची होती. पण प्रत्येकाला त्याने एकेक माणूस दिला: नगराध्यक्ष, बँकवाला, विद्यापीठाचा कुलपती. झालं! लोक लढाईचं विसरले, कोपऱ्यात जाऊन खलबतं करायला लागले, दोघांचं द्वंद्वयुद्ध ठरलं, आणि त्याच्या नियमांत यातलं काहीच नव्हतं. वेस्लीला वाटलं, आपला खेळ पार फसला. बाकीचे म्हणाले, परत कधी? त्याच मंडळींतल्या डेव्ह आर्नसनने पुढच्या एका खेळात स्वतःला सीआयएचा माणूस म्हणवून एका देशाची तिजोरी खुशाल उचलून नेली. त्याच आर्नसनने मग 'ब्लॅकमूर' रचलं, आणि 1974 साली त्याचं आणि गॅरी गायगॅक्सचं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आलं. म्हणजे हा अख्खा खेळ जन्मला तो खेळाडूंनी रचणाऱ्याचं ऐकलं नाही म्हणून. आणि तू पप्यावर झुंबर पाडलंस!

रागावू नकोस. एवढं भांडते ती तुझ्याशीच. कंदिलाच्या उजेडात मराठीतून ड्रॅगन उभा करणारा दुसरा मामा मला माहीत नाही. लाल खोक्याच्या पुस्तकात अलीनाला बार्गल मारतो ते पान तू वाचलंस तेव्हा विद्या दोन दिवस जेवली नव्हती, आणि मामी तुझ्यावर किती ओरडली होती! मामीला हा खेळ अजिबात आवडायचा नाही असं आम्ही समजायचो. मग कळलं, राक्षसांच्या नावांची तुझी वही तिच्या अक्षरात आहे.

मुद्द्यावर येते. मामी गेल्यापासून तू वाईहून हलत नाहीस. मंजूताई म्हणते, त्याला एकटं राहू दे. मला पटत नाही. दिवाळीनंतरच्या शनिवारी तू पुण्याला येतोयस. मिलिंददादा त्या शुक्रवारी साताऱ्याला कामाला असणार आहे, तो तुला गाडीत घालेल, त्याच्याशी बोलणं झालंय. पडदा माझ्या बाजूला असेल. तू नीलच्या शेजारी बसायचं. तो सुरी काढेल, तुला राग येईल, आणि तुझ्या हातात झुंबर नसेल. तुला खेळताना मी कधीच पाहिलेलं नाही. तू नाणी मोजशील, की दुकानदाराशी बोलशील, की नुसता चहा घेत बसशील, मला खरंच माहीत नाही, आणि तेच मला बघायचं आहे.

सोबत कागद पाठवते आहे. अक्षर बारीक आहे, चष्मा लावून भर. नाव आणि काय व्हायचंय एवढं लिही. आकडेमोड कोरी ठेव, ती ओंकार करेल, त्याला आवडतं.

तुझी,
नंदू